‘दीड तासात मुंबई’ छापताना विमानतळाचं नावही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरहून मुंबईला नवं विमान सुरू झालं की ‘अवघ्या दीड तासात मुंबई’ असा मथळा ठरलेला. आमच्या भागातून या विमानानं जाणाऱ्यांत टाटा कर्करोग रुग्णालयात तपासणीला निघालेले पेशंट असतात. ते या दीड तासाच्या भरवशावर डॉक्टरांची वेळ घेतात, म्हणून हे लिहितो आहे.

नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण ६९० किलोमीटर. रेल्वेनं तेच ८३७ भरतं. जेट विमानाच्या वेगानं ६९० किलोमीटर तासाभरात संपायला हवेत. तरी तिकिटावर दीड तास असतो, कारण विमान नागपुरात जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालत नाही. गर्दीत विमानं वर घिरट्या घालत राहतात. हिवाळ्यात तर पश्चिमेचे वारे मुंबईला जाताना समोरून लागतात. कंपन्या हे धरूनच वेळ देतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण वर्ध्याच्या माणसाला नागपूरचा सोनेगाव विमानतळच पाऊणशे किलोमीटर. सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो, शिवाय सुरक्षा तपासणीची रांग. दहाच्या विमानासाठी घर साडेसहाला सोडावं लागतं. हे साडेतीन तास कुठल्याच बातमीत नसतात.

त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. टाटाचं खारघरचं केंद्र तिथून जवळ पडतं आणि परळच्या मुख्य रुग्णालयात जायचं तर अटल सेतूवरून थेट शिवडीत उतरता येतं. पण आपण कुठे उतरणार हे आधी कळलं तरच त्याचा उपयोग. आमच्या शेजारच्या काकूंना एजंटनं नुसतं ‘मुंबई’ सांगितलं. भाचा सांताक्रूझला उभा आणि काकू उलव्याला नव्या विमानतळावर, काखेत रिपोर्टची फाईल, हातात काठी. भाचा पोचेपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या आणि त्या दिवशीची डॉक्टरांची वेळ हुकली.

विमानतळाचं नाव तिकिटावर असतं, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. कंपन्यांनी आणि एजंटांनी ते मराठी मेसेजमध्ये ठळक कळवावं. टाटाच्या पेशंटना मिळणाऱ्या कागदावर दोन्ही विमानतळांपासून परळ आणि खारघर किती दूर, हेही असावं. आपल्या दैनिकानंही विमानांच्या बातमीत जुन्या विमानतळाचं सांताक्रूझ किंवा सहार टर्मिनल की नवी मुंबई हे स्पष्ट लिहावं आणि ‘दीड तास’ लिहिताना काउंटर बंद होण्याची वेळ शेजारीच द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वर्धा