डोंग्याची गळती थांबवणाऱ्या दोघांचे आभार

ऐन शिंगाड्याच्या तोडीत गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडच्या आम्हा ढिवर (मासेमार) मंडळींचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा डोंगा, म्हणजे छोटी होडी, पाणी घेऊ लागला. एम-सील थापून उपयोग नव्हता. पत्र्यावरचा पांढरा थर खरवडल्याशिवाय लावलेले काहीही पापुद्र्यासारखे निघते.

महामार्गाकाठच्या ट्रक-बॉडीच्या दुकानातले दोन कारागीर सुटीच्या दिवशी औजारे घेऊन आले. त्यांनी डोंगा विटांवर ठेवून आतच पाणी भरले आणि बाहेर थेंब दिसला तिथे खडूने खूण केली. बहुतेक खुणा रिव्हेटवरच, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकून बसवलेल्या खिळ्यांवरच, निघाल्या. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवला, दुसऱ्याने आतून हातोडी मारली. ढिले रिव्हेट घट्ट बसले. झिजलेले ड्रिलने काढून भरीव अ‍ॅल्युमिनियमचेच घातले. साधा पॉप रिव्हेट पोकळ असतो, त्याच्या मधूनच पाणी झिरपते. तांब्याचा तर नकोच, ओलाव्यात भोवतालचा पत्रा खातो.

तळाला एक भेग होती. तिच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग तारेच्या ब्रशने घासून, पॉलियुरेथेन सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा लेप) लावून वर पत्र्याचे ठिगळ रिव्हेटने पक्के केले.

मजुरी घेतली नाही. उलट आमच्या पोरांना ठोकळा धरायला शिकवले, आणि तो ठोकळा व मूठभर रिव्हेट इथेच ठेवून गेले. वल्ह्याच्या कड्याजवळचे रिव्हेट आधी हलतात, तिथे लक्ष ठेवा म्हणाले.

दादा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. शिंगाडे काढून ठेवले आहेत, घेऊन जा.