ताई, त्या ब्लाइंड टेस्टिंगसाठी तुला मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

थँक्यू तुला त्याच रात्री निघता निघता म्हणून झालंय, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. घरी इटालियन रेड वाईनचं ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे नावं झाकून चव घेणं, करायचं हे आमच्या ग्रुपचं कधीपासून चाललं होतं. बाटल्या जमवायला सगळे तयार, पण ते नीट पार पाडायला एक माणूस असा लागतो जो स्वतः पिणार नाही, सगळं माहीत असून तोंडातून अवाक्षर काढणार नाही आणि आमचा हट्टही चालू देणार नाही. तू वाईनला हात लावत नाहीस आणि तरी अख्खी संध्याकाळ आमच्यासाठी दिलीस, ही काही छोटी गोष्ट नाही.

आमचा प्लॅन साधा होता, बाटल्यांना कापडी पिशव्या चढवायच्या आणि सुरू करायचं. तू एकेक बाटली हातात घेऊन बघितलीस आणि तो प्लॅन तिथेच रद्द केलास. बारोलो ह्या वाईनच्या बाटलीवर खांद्यापाशी काचेतच ‘आल्बेइसा’ अशी उठावाची अक्षरं होती, उत्तर इटलीतल्या आल्बा भागातले बरेच वाईनवाले ती खास बाटली वापरतात, आणि पिशवीवरून नुसता अंगठा फिरवला तरी ती अक्षरं कळत होती. कियांती क्लासिकोच्या मानेवर काळा कोंबडा, आमारोनेची बाटली उचलली की जड. म्हणून तू सगळ्या वाईन एकसारख्या साध्या काचेच्या जगमध्ये काढल्यास, आम्ही यायच्या तासभर आधी, म्हणजे बारोलो आणि ताउराझी ह्या वाईनना हवाही लागली.

आणि नंबर! आम्ही एक ते सहा असे टाकले असते. तू तुझ्या लॅबमधल्यासारखे तीन आकडी कोड लावलेस, ४१७, ७३१, २८६ असे, कारण ‘एक नंबर’ म्हटलं की डोक्यात आपोआप पहिला क्रमांक येतो. त्यातही तू जगवर फक्त अक्षरं लिहिलीस आणि ती अक्षरं झाकून वर कोड लावायचं काम आमच्यातल्या एकाला आत बोलावून करायला लावलंस, त्याला अक्षरामागची वाईन माहीत नाही आणि तुला कोडमागचं अक्षर माहीत नाही. त्यामुळे ओतताना तुझ्या हातात काय आहे हे तुलाही ठाऊक नव्हतं, मग तुझ्या चेहऱ्यावरून कोण काय ओळखणार? इतकं काटेकोर घरच्या बैठकीसाठी कोणी करतं का, पण तू केलंस.

त्या बार्बेराबद्दल तर वेगळं थँक्यू. बाटली उघडल्या उघडल्या तू वास घेऊन म्हणालीस की ह्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, हे चालणार नाही. ते टीसीए नावाचं रसायन, कॉर्कमधून उतरणारं, १९८१ मध्ये हान्स टॅनर ह्या स्विस संशोधकाने शोधून काढलेलं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाईनमधला फळांचा वास गायब होतो आणि मागे तळघराचा वास उरतो. आम्ही बहुतेक ती तशीच प्यायलो असतो आणि बार्बेरा बेकार असा शिक्का मारून मोकळे झालो असतो. तू जास्तीची एक बाटली आधीच मागवून ठेवायला लावली होतीस म्हणून खरी बार्बेरा दास्ती आमच्यापर्यंत पोचली, गडद रंगाची, तुरटपणा जवळजवळ नाही आणि आंबटपणा असा की तोंडाला पाणी सुटावं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती पहिली फेरी. ग्लासभोवती कागद गुंडाळलेला, रंग बघायचा नाही, प्यायचं नाही, फक्त वास घ्यायचा आणि लिहायचं, आणि लिहून होईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. ह्याचं कारण तू तेव्हाच सांगितलंस, बोर्दोमध्ये वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं, २००१ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे तो. शिकलेल्या नाकांना जर डोळे असे ओढून नेत असतील तर आमचं काय होणार. ७३१ ला माझ्या कागदावर सुकलेला गुलाब, डांबर, आंबट चेरी असं आलं होतं. मग तू कागद काढायला सांगितलास आणि ग्लासमध्ये काय, फिक्की विटकरी वाईन, पांढऱ्या कागदावर तिरकी धरली तर कडेला चक्क केशरी, पलीकडची अक्षरं वाचता येतील इतकी पातळ दिसणारी. टेबलवर लगेच सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली, ही हलकी आहे, आधी लिहिलेलं बदलू दे. तू पहिल्या फेरीचे कागद तोवर गोळा करून आत नेले होतेस! आणि मग घोट घेतला तर जीभ कोरडी, हिरड्या आवळलेल्या, ओठ आतून दाताला चिकटलेले, म्हणजे लाळेतली प्रोटीन्स टॅनिनने, वाईनमधल्या तुरट द्रव्याने, बांधून टाकली की जे होतं ते सगळं. ७३१ बारोलोच निघाली; रंग एवढासा आणि पकड एवढी, हा बारोलोच्या नेबिओलो द्राक्षाचा स्वभावच आहे, हे मी कितीदा वाचलं होतं, पण ते वाचणं वेगळं आणि त्या क्षणी स्वतःच्या तोंडात कळणं वेगळं.

शेजारचं २८६ पण असंच फिकं. त्यावर जो वाद झाला तो अजून आमच्यात चालू आहे, दोनही नेबिओलो म्हणणारे एका बाजूला आणि नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. ती निघाली एत्ना रोस्सो, सिसिलीच्या जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर उंचावर वाढणाऱ्या नेरेल्लो मास्कालेझे द्राक्षाची. दोन्ही शेजारी ठेवून परत परत घेतल्यावर फरक दिसायला लागला, एत्नाचा तुरटपणा बारीक आणि लवकर विरणारा, वासात डांबर नाही, त्याऐवजी लाल फळं आणि थोडा धूर. लेबल समोर असतं तर हा वाद झालाच नसता, आणि वाद झाला नसता तर इतक्या वेळा तो ग्लास कोणी नाकाला लावलाच नसता.

आता ते सातव्या ग्लासचं. वाईन सहा होत्या हे सगळ्यांना माहीत, मग ग्लास सात कसे, तर तू एक वाईन दोनदा ठेवली होतीस आणि शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. कियांती क्लासिको, ५९४ आणि १०८. प्रत्येकाचा ग्लासांचा क्रम तू वेगळा लावला होतास, त्यामुळे ज्यांना ५९४ आमारोनेच्या पाठोपाठ आलं त्यांनी ‘आंबट, पाणचट’ लिहिलं, आणि त्याच लोकांनी बार्बेराच्या नंतर आलेल्या १०८ ला ‘भरदार, छान तुरट’ म्हणून चांगले मार्क दिले. एकाच बाटलीतली वाईन! आमारोने म्हणजे द्राक्षं तोडून काही महिने सुकवून केलेली, अल्कोहोल सहज १५-१६ टक्के, सुक्या मेव्यासारखी दाट, तिच्यामागून येणारी कियांतीची सान्जोवेझे द्राक्षाची वाईन बिचारी उघडी पडणारच. त्या एका गोष्टीने माझी वाईन प्यायची पद्धत बदलली आहे, खरंच. आता कुठलीही वाईन आवडली किंवा नाही आवडली की मी आधी बघतो, तिच्या आधी तोंडात काय होतं.

निकाल वाचताना तू सरासरी सांगायच्या आधी प्रत्येकाचे मार्क वाचून दाखवलेस हे पण फार बरं केलंस, नाहीतर पहिला नंबर कोणाचा एवढ्यावरच सगळं संपलं असतं. सगळ्यांची मिळून ताउराझी वर आली, दक्षिण इटलीतल्या कंपानियातली, आल्यानिको द्राक्षाची, जिचं नाव आमच्यातल्या निम्म्यांनी बाटल्या जमवतानाच पहिल्यांदा ऐकलं होतं. बारोलो तिसरी. मला स्वतःला बारोलोच पहिली वाटली आणि अजूनही वाटते, पण ताउराझीला एवढे मार्क नाव झाकल्याशिवाय मिळाले नसते हे मी पण मान्य करतो, बारोलो म्हटलं की माणूस आधीच सावरून बसतो.

३०-३० मिली मोजून ओतणं, मध्ये मध्ये पाणी आणि नुसता ब्रेड फिरवणं, थुंकायला वेगळं भांडं ठेवून ते कोणी लाजू नये म्हणून स्वतःच सगळ्यांच्या जवळ सरकवणं, कोणी गाडी चालवणार का हे आधी विचारून घेणं, नंतर सगळे ग्लास हाताने धुणं, हे सगळं करताना तू एकदाही चिडली नाहीस. दमली असशील. आमच्यापैकी कोणी ते तेव्हा विचारलं नाही, आत्ता विचारतोय.

पुढचं टेस्टिंग फक्त नेबिओलोचं करायचं ठरलंय, तुला वेळ असेल तरच. बारोलो, बार्बारेस्को, रोएरो, गात्तिनारा आणि लोम्बार्दियातलं वाल्तेल्लिना. बारोलोला विकायच्या आधी किमान ३८ महिने ठेवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, तो फरक नाव झाकल्यावर जिभेला कळतो का हे मला बघायचंय. बाटल्या प्रत्येकजण परस्पर तुझ्याकडे पोचवेल, काय पाठवलं ते एकमेकांना सांगणार नाही, यादी फक्त तुझ्याकडे. ह्या वेळी ग्लास आम्ही धुणार. तारीख तू सांग.

तुझा,
भावाचा मित्र, ७३१ वाला