आधी गळती शोधा, मग गॅस भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळसा वाहणाऱ्या आम्हा लोकांना या निर्णयाचं मोल सांगायला नको. नवतप्यात भरदुपारी इंजिनाच्या धगीत बसून गाडी हाकणं माणसाला पिळून काढतं. पण एसी बिघडला की आमच्या तालुक्यांत काय होतं, ते कुणी पाहत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचं कुलिंग गेलं. इथे ज्या गॅरेजला न्यावं तिथे एकच उत्तर, "भाऊ, गॅस संपला, भरून घ्या." गॅस काही डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपांतून तोच तो फिरत राहतो. भरून थोड्याच दिवसांत पुन्हा गरम हवा आली, तर तो कुठून तरी निघून जातोय हे उघड आहे. तरी गळती न शोधताच पुन्हा गॅस भरतात आणि बिल हातात देतात.

शेवटी गाडी नागपूरला नेली. तिथल्या मेकॅनिकने आधी सगळे जोड धुऊन घेतले. गॅसबरोबर एसीच्या कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेलही झिरपतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो. आमच्या गाड्यांवर कोळशाची धूळ इतकी की तो डाग दिसतच नाही. मग उरलेला गॅस मशीनने काढून घेतला, कोरडा नायट्रोजन दाबाने भरला आणि जोडाजोडावर साबणाचं पाणी लावलं. समोरून गिट्टी लागते म्हणून माझा संशय कंडेन्सरवर, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीवर होता, पण तो ठीक निघाला. केबिन पुढे झुकवून उलटवली तेव्हा चेसिसवरून वर जाणारा रबरी पाइप जिथे वाकतो, तिथे धातूच्या टोपीपाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले. इंजिनाच्या कामाला केबिन दरवेळी उलटते, तसा हा पाइपही दरवेळी पिळला जातो. पाइप, ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) आणि ड्रायर (ओल शोषणारी डबी) बदलले, पंपाने आतली हवा उपसून व्हॅक्यूम टिकतो का पाहिलं आणि गाडीच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरला. एसी आजही थंड आहे.

आमच्याकडे काही जण नायट्रोजनऐवजी टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरून तपासतात. त्या हवेतली ओल आत राहते, तेल खराब होतं आणि पुढे एसीचा कॉम्प्रेसरच जातो. शिवाय या गाड्यांत सर्रास वापरला जाणारा आर-134ए गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. गळक्या पाइपात तो पुन्हा पुन्हा भरणं म्हणजे ज्या उन्हाने आपण भाजतो त्यालाच हातभार लावणं.

ट्रक विकणाऱ्या कंपन्यांनी व्हॅक्यूम पंप, नायट्रोजन आणि गळती शोधायचं यंत्र तालुक्याच्या सर्व्हिस केंद्रांत ठेवावं. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना हे काम हाताने करायला शिकवावं, तेही उन्हाळा लागायच्या आत. आणि ट्रकमालकांनी गॅसचे पैसे देण्याआधी गळती कुठे सापडली हे बिलावर लिहून मागावं.

– एक ट्रकमालक-चालक, वणी (जि. यवतमाळ)