बारामुखीचा फोटो छापलात, पाण्याचं काय?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या, धडगाव तालुक्यातल्या बिलगावच्या बारामुखी धबधब्याला अर्धं पान दिलंत. धडगावकडे कुणाचं लक्ष जातं याचा आनंदच आहे. पण फोटोत चार मुलं धारेच्या थेट खाली, कुंडात छातीभर पाण्यात उभी, आणि खाली ओळ 'चिंब आनंद'. सावधगिरीचा मजकूर शोधला, तर शेवटी एवढंच : 'योग्य ती काळजी घ्यावी.' कोणती काळजी?

धारेखाली उभं राहायचंच नाही. वरून पाण्याबरोबर दगडही येतात, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नीट तरंगत नाही आणि कोसळणाऱ्या धारेजवळ पाणी माणसाला पुन्हा धारेकडेच ओढतं. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो.

त्याहून मोठा धोका वरच्या पावसाचा. सातपुड्याचे उतार तीव्र, खाली कातळ. पाणी मुरत नाही, थेट नदीत येतं. कुंडावर ऊन असतानाही वर सर पडलेली असू शकते. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की डबे-मोबाइल तिथेच टाकून काठावर उंच चढायचं. काठावर म्हणजे काठावरच, प्रवाहातल्या खडकावर नव्हे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते प्रवाहाच्या मधोमधच अडकले होते.

वाटेतल्या फरश्यांबद्दल, म्हणजे ओढ्या-नाल्यांवरच्या ठेंगण्या पुलांबद्दल, तर एक अक्षर नाही. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी कार तरंगायला लागते, दोन फुटांत जीपही जाते. मोटारसायकलचं काय सांगावं! फरशीवर पाणी असेल तर अलीकडेच थांबावं, रात्र काढावी लागली तरी.

सोबत वीस मीटर दोर हवा, तोही शेतात वापरतो तो पिवळा-निळा प्लास्टिकचा, कारण तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधून बुडणाऱ्याकडे फेकायचा. मागोमाग उडी मारायची नाही. एकाच्या जागी दोघं जातात. आणि दोर कमरेला बांधून प्रवाहात शिरणं सर्वांत घातक : दोर ताणला गेला की पाणी माणसाला खाली दाबतं आणि गाठ सुटत नाही. वाहून जाणाऱ्याने उताणं राहावं, पाय पुढे, आणि तळाशी उभं राहायची धडपड करू नये. खडकात पाय अडकतो.

११२ ला फोन लावायलाही रेंज लागते, दरीत ती मिळेलच असं नाही. म्हणून आधी गावात थांबून तिथल्या पावरा आदिवासी मंडळींना आजच्या पाण्याचं विचारावं, किती जण आहोत आणि किती वाजता परतणार ते सांगून जावं. दुपारी दोनला परतीला लागावं, सरी बहुधा त्यानंतर कोसळतात. हा मजकूर चौकटीत मावला असता. फोटो थोडा लहान करायला हवा होता, इतकंच.

जाता जाता आणखी एक. अक्राणी (म्हणजे धडगाव), तळोदा, शहादा असे तालुकावार पावसाचे आकडे तुम्ही रोज देत होतात, ते यंदा बंद का केलेत? वर किती पाऊस झाला हे सकाळी समजलं, तर निघायचं की नाही हे घरीच ठरतं. ते आकडे पुन्हा सुरू करा.

आपला,
एक वाचक, शहादा