होल्टर लावून देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

आम्ही तुम्हाला आठवत असू असं वाटत नाही. पण आईचं दुखणं सापडलं ते तुमच्यामुळे, म्हणून हे उघड पत्र.

आई उभ्याउभ्या कोसळायची. कधी बसल्या जागीही. आधी ना घाम, ना मळमळ, ना डोळ्यांपुढे अंधारी, आणि मिनिटभरात उठून आम्हालाच विचारायची, "काय झालं?" ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, मेंदूचा स्कॅनही नॉर्मल. अशक्तपणा असेल, टेन्शन असेल, असं नातेवाइकांचं निदान (त्यांची फी नसते, हे बरं).

ठोक्यांची सतत नोंद ठेवणाऱ्या होल्टरचे पॅच छातीवर चिकटवता चिकटवता तुम्ही सहज विचारलंत, "पडण्याआधी काही कळतं का हो?" आई नाही म्हणाली तसा तुमचा हात थांबला. "हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. साधा ईसीजी म्हणजे जेमतेम 10 सेकंदांची नोंद. होल्टर 24 तासांचा. तेवढ्यात काही घडलंच नाही, तर रिपोर्ट नॉर्मलच येणार. तो आला म्हणून थांबू नका." मग वायर ओढली जाऊ नये म्हणून तिला वळसा देऊन टेप लावलीत आणि चक्कर आली तर वेळ कशी लिहायची तेही दाखवलंत. आईने वहीत लिहिलं : '4.10, भांडी घासली. काही नाही.' अशी पानंच्या पानं.

रिपोर्ट नॉर्मलच आला. तुम्ही बजावलं नसतं, तर आम्ही सुटकेचा श्वास टाकून घरी बसलो असतो. डॉक्टरांना सगळं नीट सांगितल्यावर टिल्ट टेबल झाली, म्हणजे उभं केल्यावर बीपी किंवा ठोके घसरतात का ते बघायची तपासणी. पट्ट्यांनी बांधून टेबल जवळजवळ उभं केलं, तरी बीपी आणि ठोके जागच्या जागी. शेवटी छातीच्या कातडीखाली लूप रेकॉर्डर बसवला. पेनच्या टोपणाहून लहान, पण साधारण तीन वर्षं ठोक्यांवर पाळत ठेवतो.

काही महिन्यांनी आई खुर्चीतच कलंडली. नोंदीत त्या वेळी ठोक्यांच्या जागी नुसती सरळ रेघ, आठ सेकंद. मेंदूचं रक्त तेवढा वेळ थांबलं की माणूस शुद्ध हरपतो, हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. लगेच पेसमेकर बसला. त्यानंतर आई पडलेली नाही.

ताई, मनापासून आभार. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा तुमच्याकडे डोकावणार आहोत. वहीत एवढं लिहिलं ते कुणी वाचलं तरी का, हे आईला तुम्हालाच विचारायचंय.

तुमच्या एका पेशंटची मुलगी