एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटी आधी हातात द्या, पैसे मग घ्या

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,

स. न. वि. वि.

नवी गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी (मूळ वॉरंटीपुढची, जादा पैसे भरून मिळणारी) घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न मला दसरा-पाडव्याच्या सुमारास हमखास विचारला जातो. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे सोसायटीतली आणि नात्यातली मंडळी कोटेशनचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "जरा बघून सांग." मी बघते, पण ठाम काही सांगता येत नाही. हिशेबाला जे आकडे लागतात त्यांतला एकच त्या कागदावर असतो, तो म्हणजे किंमत. बाकीचे कंपनीकडे असतात. ते ग्राहकापर्यंत आणण्याचे अधिकार आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

हिशेब तसा अवघड नाही. समजा, चौथ्या आणि पाचव्या वर्षाच्या वॉरंटीचे 20 हजार रुपये सांगितले. त्या दोन वर्षांत 60 हजारांचं एखादं मोठं काम निघण्याची शक्यता तीनात एक असेल, तर सौदा बरोबरीचा. दहात एक असेल, तर ग्राहकाने 14 हजार जास्तीचे मोजले. आता ती तीनात एक की दहात एक, हे कोणाला ठाऊक असतं? त्या मॉडेलच्या हजारो गाड्यांचे क्लेम जिच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले आहेत, त्या कंपनीला. एकाने पत्ते बघून बोली लावायची आणि दुसऱ्याने पालथ्या पत्त्यांवर पैसे टाकायचे, असा हा डाव आहे. "मॅडम, मनाला शांती मिळते ना," असं शोरूममध्ये सांगतात. मनःशांतीला माझी ना नाही, फक्त तिचा भाव बरोबर लावलाय की नाही ते कळायला हवं.

वॉरंटी घेणारे सगळे भोळे असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीला मी बहुतेक वेळा नको म्हणते. पण टर्बो इंजिन, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, मोठा टचस्क्रीन, चारी बाजूंना कॅमेरे आणि सेन्सर अशी गाडी असेल तर मीही विचारात पडते. असले भाग पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरून स्वस्तात आणता येत नाहीत, आणि गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं की बिल बघून घाम फुटतो.

शिवाय माणसागणिक उत्तर बदलतं. हडपसरहून हिंजवडीला रोज गाडी नेणाऱ्याचे वर्षाला 15 हजार किलोमीटर सहज होतात. त्याच्या गाडीची खरी झीज चौथ्या-पाचव्या वर्षी दिसायला लागते. याउलट सदाशिव पेठेतले निवृत्त गृहस्थ रविवारी देवदर्शन आणि महिन्यातून एकदा मुलीकडे, एवढंच चालवतात. त्यांच्या गाडीचं नुकसान होतं ते उभी राहून: बॅटरी बसते, टायर आणि रबरी भाग कडक होतात. आणि नेमकं हेच सगळं बहुतेक वॉरंट्यांत वगळलेलं असतं. चांदणी चौकाच्या किंवा कात्रजच्या चढाला रांगेत झिजलेली क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हेही सहसा बाहेरच.

मूळ वॉरंटीही आता पूर्वीसारखी तोकडी राहिलेली नाही. मारुतीने जुलै 2024 मध्ये ती 2 वर्षं किंवा 40 हजार किलोमीटरवरून 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरवर नेली. म्हणजे आज विकत घेतलेलं जादा संरक्षण सुरू होणार तीन वर्षांनी. पैसे मात्र आजच, आणि बहुतेकांच्या बाबतीत कर्जातून. एक्स्टेंडेड वॉरंटी ऑन-रोड किमतीत मिसळली की तीही हप्त्यांत जाते. 9 टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जात 20 हजारांवर सुमारे 4,900 रुपये व्याज पडतं. जी गोष्ट अजून सुरूच झालेली नाही तिच्यावर तीन वर्षं व्याज भरायचं, आणि हे कोटेशनवर कुठेही लिहिलेलं नसतं.

कोटेशनचा कागद आपण एकदा मागवून पाहाच. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, अॅक्सेसरीज, आरएसए (रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत), ई. डब्ल्यू. ही शेवटची दोन अक्षरं म्हणजे आपली वॉरंटी. रकमा एकाखाली एक, आणि तळाशी ठळक बेरीज. यातलं सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, याची खूण नाही. वॉरंटी, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं विम्याचं कव्हर) आणि आरएसए शेजारी-शेजारी बसल्यामुळे लोकांच्या डोक्यात तिन्हींचा काला होतो. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पाण्याने गेलेलं इंजिन हा वॉरंटीचा विषय नसतो. तो इन्शुरन्सचा, आणि त्यातही इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर. "पण आपली पाच वर्षांची वॉरंटी आहे ना?" असं विचारणारी शिकली-सवरलेली माणसं मला भेटतात.

मावसबहिणीबरोबर मी शहरातल्या एका शोरूममध्ये गेले होते. नाव लिहीत नाही, कारण शेजारच्या शोरूममध्ये काही वेगळं घडलं असतं असं नाही. मुलगा नम्र होता. त्याने पेनाने बेरजेभोवती गोल केला. बहिणीने विचारलं, ई. डब्ल्यू. नको असेल तर? "नको म्हणता येतं ना मॅडम, पण कोटेशन पॅकेजमध्येच निघतं. काढायचं तर सरांना विचारावं लागेल. तसं सगळेच घेतात." मी म्हटलं, ठीक आहे, अटींचं पुस्तक दाखवा. त्याने खण उघडून ब्रोशर काढलं. त्यावर गाडीला टेकून हसणारं कुटुंब होतं, आणि तळाशी बारीक अक्षरांत, अटी लागू. "ब्रोशर नको, अटी." तेव्हा उत्तर आलं, "त्या पुस्तकात असतात मॅडम. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीतच ठेवलेलं असतं." तोपर्यंत पैसे भरून झालेले असतात आणि बोनेटवर नारळ फुटलेला असतो. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला महिन्याचं टार्गेट आहे. दोष आहे तो असं चालू देणाऱ्या व्यवस्थेचा.

मंत्रिमहोदय, हीच चलाखी मोबाइलवर कोणी केली तर आपल्या खात्याने ती बेकायदा ठरवलेली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 13 प्रकार नावानिशी सांगितले. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, खोटी घाई लावणं, नको म्हणणाऱ्याला ओशाळवाणं करणं, हे सगळं त्यात आहे. पण ती तत्त्वं ऑनलाइन प्लॅटफॉर्मपुरती. शोरूमच्या टेबलावर छापील कागदाने केलेल्या त्याच गोष्टीला काय म्हणायचं? प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये हॉटेलांना बजावलं होतं, की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही. दोन डोशांच्या बिलात जे चालत नाही ते 20 हजारांच्या ओळीत चालावं, हे पटण्यासारखं नाही.

इतर खात्यांनी आपापल्या अंगणात सुधारणा केल्या आहेत. आरोग्य विम्यात 1 जानेवारी 2024 पासून सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांनाही मुख्य माहितीचा तक्ता बंधनकारक केला. गाडीची वॉरंटी मात्र कंपनी देते ती सेवेचा करार म्हणून, विमा म्हणून नव्हे. त्यामुळे विमा नियामक तिच्याकडे बघत नाही, रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही. राहता राहिलं आपलं खातं.

दुसरी गोष्ट गॅरेजची. "बाहेर हात लागला तर वॉरंटी गेली," हे वाक्य शोरूममध्ये अजून सर्रास ऐकवलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड केला आणि स्पष्ट सांगितलं, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, ते त्यांच्या हक्काचंच. पण 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आपल्याच खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही घेतली. मग कोथरूडच्या गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलले म्हणून टचस्क्रीनची वॉरंटी जाते का, याचं सरळ उत्तर ग्राहकाला कोणी द्यायचं?

तक्रारीचा रस्ता आहे, हे मान्य. ग्राहक पंचायतीचं काम बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये याच पुण्यात सुरू केलं. तक्रार कशी करावी हे आम्हाला शिकवावं लागत नाही, उलट थोडं आवरावं लागतं! 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागण्याची जी चांगली सोय केली, ती जिल्हा आयोगात नाही. करारातली अटच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल तर थेट राज्य आयोग गाठावा लागतो. 20 हजारांच्या वॉरंटीसाठी ते कोण करणार? माणूस वैतागून गप्प बसतो आणि पुढच्या गाडीला पुन्हा ई. डब्ल्यू. घेतो.

तोवर मी लोकांना एवढंच सांगते, की पहिल्या दिवशी घेऊ नका. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती विकत देतात. किंमत टप्प्याटप्प्याने वाढते खरी, पण तोवर गाडी कशी निघाली, आपलं रनिंग किती आहे, ती पाच वर्षं ठेवणार की आधी विकणार, हे कळलेलं असतं आणि कर्जाचं व्याजही वाचतं. टप्प्यांचं हे दरपत्रक शोरूममध्ये मागितलं की मिळतं, असा माझा अनुभव नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. कोटेशनमध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी बेरजेबाहेर, वेगळ्या चौकटीत असावी आणि ग्राहकाने स्वतः सही केल्याशिवाय ती आत येऊ नये. पूर्ण अटी, काय वगळलंय त्या यादीसह, पैसे घेण्याआधी मराठीत हातात पडाव्यात. वॉरंटी सुरू व्हायच्या आधी ती परत करून पैसे मिळावेत. परत का करतोय याचं कारण सांगायची गरज ग्राहकाला पडू नये. आणि दर मॉडेलमागे किती एक्स्टेंडेड वॉरंट्या विकल्या, किती क्लेम आले, किती नाकारले, हे कंपनीने वर्षातून एकदा जाहीर करावं. यातली शेवटची मागणी कंपन्यांना सगळ्यात जास्त बोचेल, आणि मला सगळ्यात जास्त तीच हवी आहे.

यावर मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आपण हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केलात, तर पुण्याहून सूचना कमी पडणार नाहीत, याची हमी मी देते. तीही कुठल्याही अटीशिवाय.

कळावे,

आपली,
एक वाहनमालक
कोथरूड, पुणे