देव फक्त स्वर्गातच असतो का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं की बायबलमधला देव सगळीकडे नाही, तो स्वर्गात राहतो. मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलोय, वाचून फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय. पुरावा म्हणून त्यांनी शलमोन राजाची प्रार्थना दिलीय, यरुशलेमचं मंदिर बांधून झाल्यावरची, बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकातली, अध्याय 8. त्यात स्वर्ग हे तुझं निवासस्थान, तिथून ऐक, असं तो परत परत म्हणतो हे खरंय, पण त्याच प्रार्थनेत 27 वं वचन आहे ते का सोडलं? तिथे शलमोन म्हणतो की स्वर्गात, स्वर्गांच्या स्वर्गातही तू मावत नाहीस मग मी बांधलेल्या या घरात कुठून मावणार. सात वर्षं लागली ते मंदिर बांधायला, आणि बांधणाराच उद्घाटनाला असं बोलतोय!

लोक आकाशाला भिडणारा बाबेलचा बुरूज बांधत होते तो बघायला परमेश्वर खाली उतरला, हे पण त्यांनी लिहिलंय. अहो, आपणही देव धावून आला म्हणतो, म्हणून तो आधी लांब कुठेतरी होता असं कोणी धरत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय 23 मध्ये तर देव स्वतःच विचारतो, आकाश आणि पृथ्वी मी व्यापून टाकत नाही का?

पण याचा अर्थ दगडात देव, झाडात देव असाही नाही, माझे काही मित्र म्हणतात की मग तुमचं आमचं सेमच की. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे पण बायबल तसं सांगत नाही, निर्माण करणारा वेगळा आणि निर्माण केलेलं वेगळं हे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, पहिल्या पानापासून आहे. एलीया संदेष्टा होरेब डोंगरावर उभा होता तेव्हा सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, आणि या तिन्हींत परमेश्वर नव्हता असं स्पष्ट लिहिलंय, त्यानंतर आली ती मंद वाणी.

मला विचाराल तर खरं उत्तर बायबलच्या स्तोत्रसंहितेत, स्तोत्र 139 मध्ये आहे. 2021 ला आई कोविड वॉर्डात होती, आत कोणालाच सोडत नव्हते, चर्चच्या पाळकांनाही नाही, मी रोज रात्री फोनवरून तिला ते स्तोत्र वाचून दाखवायचो. वर आकाशात गेलो तरी तू आहेस, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तू आहेस, समुद्राच्या पार पलीकडे जाऊन राहिलो तरी... आणि 10 वं वचन आलं की ती म्हणायची परत वाच. तिथेही तुझा हात मला धरून नेईल, असं ते वचन आहे. नुसता "आहे" नाही, हात धरतो. तो फक्त वर कुठेतरी बसलेला असता तर त्या वॉर्डात आईचा हात कोणी धरला असता?

त्या वाचकांना एवढीच विनंती की पहिले राजेचा आठवा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सलग वाचा आणि मग परत लिहा, मी नक्की वाचेन.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर